फाटकाबाहेरचा नळ

शुक्रवार, ३ मे, दुपारी

धाकट्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच खणात टाकशील, म्हणून वरचा पत्ता शेजारणीकडून लिहून घेतलाय. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. फोन मुद्दाम केला नाही. तू उचलला नसतास तर माझं डोकं फिरलं असतं, आणि उचलला असतास तर दोन मिनिटांत आपण बाबांच्या मयतावर येऊन भांडायला लागलो असतो. कागदावर निदान मला खोडता येतं.

सूर्य बुडायच्या आत पेन खाली ठेवायचं आहे. आज शुक्रवार, संध्याकाळी शब्बाथ लागतो, मग उद्या सूर्य बुडेपर्यंत लिहिणं बंद, हे तू विसरला असशील तर आठवण करून देते. म्हणून कामाचं आधी.

तुझ्या प्रयोगशाळेत इथल्या आरोग्य निरीक्षकाकडून पाण्याच्या बाटल्या येतील, कदाचित आल्याही असतील. सगळ्यांना लाखेचं सील आहे. काहींवर ‘खालची गल्ली, सार्वजनिक नळ’ असं लिहिलंय आणि काहींवर ‘ज्यू प्रार्थनाघर, आवारातील विहीर’. ती आपलीच विहीर. जिच्या कठड्यावर बसून तू पाढे म्हणायचास आणि पाय आत सोडलेस म्हणून बाबांचा मार खायचास. त्या बाटल्या रांगेत मागे पडू देऊ नकोस. मला तुझी मेहेरबानी नको. जे असेल तेच लिही, फक्त लवकर लिही.

का, ते सांगते. आपल्या मागच्या भिंतीपलीकडची गल्ली तुझ्या वेळी होती त्याच्या दुप्पट झाली आहे. रंगाच्या कारखान्यात जाणारे, हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बाया, सगळे तिथेच राहतात. त्यांना पालिकेचा एक नळ. त्याची लाइन नाल्यातून येते, आणि यंदा थंडी सरल्यापासून त्या पाण्याला वास यायला लागला. कधी पाणी पिवळट, कधी हिरवट. उकळलं तरी वास जात नाही. अर्ज झाले, मोर्चा झाला. पालिकेने माणूस पाठवला आणि त्याने तोटी बदलून दिली. नवी कोरी तोटी, पाणी तेच.

आणि भिंतीच्या अलीकडे आपण. मोजकी घरं, एक प्रार्थनाघर आणि भर उन्हाळ्यात न आटणारी विहीर. फाटकाबाहेर एक नळ काढून गल्लीला पाणी द्यावं, असा विषय मी सभेत मांडला. तू असतास तर तुझी चांगली करमणूक झाली असती. काका अध्यक्षांच्या खुर्चीत, शेजारी चिटणीस म्हणून आपले घड्याळजी, आणि दोघांच्या पुढ्यात जुने ग्रंथ. गावच्या झऱ्याचं पाणी गावाला आणि परक्यांना मिळून पुरेनासं झालं तर आधी कुणाला, हा वाद आपल्या पंडितांनी शेकडो वर्षांपूर्वी घालून ठेवलाय. आपलं पिणं आणि त्यांचं पिणं, तर आपलं आधी. आपलं धुणं आणि त्यांचं पिणं, तर बहुतेक पंडित म्हणतात, त्यांचं आधी. मग घड्याळजींनी चष्मा पुसून विचारलं की मयताची आंघोळ हे पिणं समजायचं की धुणं? विहिरीचं पाणी त्यासाठीही राखून ठेवावं लागतं. अंगावरून पाण्याची धार मध्येच तुटता कामा नये, आणि पाणी कमी पडून ती तुटली तर? सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण बायकांच्या मयताला आंघोळ घालायचं काम अजून माझ्याकडेच आहे. मी म्हटलं, मयताला तहान नसते. दोघांना ते फार लागलं.

मग काकांनी ग्रंथ मिटला आणि खरं काय ते बोलले. “आपलं पाणी पिऊन तिकडचं एक पोर आजारी पडलं, तर ते काय म्हणतील हे तुला माहीत आहे.”

दूरच्या मुलखांत, कधीकाळी, विहिरींत विष कालवल्याचा आळ घेऊन आपल्या लोकांच्या वस्त्याच्या वस्त्या जाळल्या, हे तू आणि मी एकाच पांघरुणात पडून ऐकलंय. त्या गोष्टी सांगणारे गेले, भीती आमच्याकडे ठेवून गेले. मी म्हटलं, भीतीपायी पाणी नाकारलं तर तेही लोक लक्षात ठेवतीलच. एका मताच्या फरकाने नळ मंजूर झाला. ते मत कुणाचं होतं हे मला अजून कळलेलं नाही.

नळ सुरू झाला आणि गल्ली फाटकाशी यायला लागली. इस्त्रीवाल्याची मुलगी पहिल्या दिवसापासून यायची, तिला सगळे चिमणी म्हणायचे. एवढीशी बादली, तीही निम्मी रस्त्यात सांडायची. मी खिडकीशी मशीनवर बसलेली असले की मला विचारायची, आजी, आज कुणाचा झगा? ती नळ सुरू व्हायच्या आधीपासून आजारी होती, उलट्या व्हायच्या, हे नीट लक्षात ठेव. गेल्या आठवड्यात तिची लघवी बंद झाली आणि ती इस्पितळात गेली. म्हणजे वारली.

पुढचं तुला सांगायला नको. आधी कुजबुज, मग उघड. गल्लीतल्या नळाने इतके महिने कुणी मेलं नाही, यांचा नळ आला आणि पोर गेलं. निरीक्षकाने आपल्या नळाला सील ठोकलं, बाटल्या भरल्या आणि अहवाल येईपर्यंत थांबायला सांगितलं. तोवर गल्ली पुन्हा तेच हिरवं पाणी पितेय. इस्त्रीवाल्याचा धाकटाही.

बाकी इथे सगळं ठीक. पुढच्या खोलीची काच फुटली आहे, वाऱ्याने. माझ्या हातांना खाज सुटते, नव्या कापडाची खळ असेल. हे पत्र मी माझ्या मनाने लिहितेय, काकांना ठाऊकही नाही.

ऊन खिडकीतून सरकलं. थांबते.

ताई


गुरुवार, ९ मे

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, औषधाच्या पुडीवर लिहितात तेवढं. तेच तुला परत लिहून दाखवते, म्हणजे कसं वाटतं ते कळेल. ‘ताई, विहिरीच्या पाण्यातही तेच आहे. क्रोमियम. गल्लीच्या नळापेक्षा बरंच कमी, पण पिण्याच्या मर्यादेच्या वर. अहवालावर अजून सही केलेली नाही. तू सांगशील तसं करतो.’

हे वाचलं तेव्हा माझ्या हातात पाण्याचा पेला होता. अर्धा प्यायलेला. मी तो खाली ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. पाणी स्वच्छ होतं रे, तळ दिसत होता. याच पाण्याने आईला शेवटची आंघोळ घातली मी. हेच पाणी मी हट्टाने, ग्रंथ मिटायला लावून, फाटकाबाहेर काढलं आणि त्या लेकराच्या बादलीत सोडलं.

पहिल्या ओळींचं दुःख झालं. शेवटच्या ओळीचा राग आला. ‘तू सांगशील तसं करतो.’ इतक्या वर्षांत माझं एक ऐकलं नाहीस. आडनाव बदलू नकोस म्हटलं, बदललंस. कचेरीत कुणाला सांगायची लाज वाटते का, विचारलं, तर म्हणालास आखूड नाव सोयीचं पडतं. बाबांच्या वेळी आलास तो कब्रस्तानच्या फाटकाबाहेरच उभा राहिलास, कारण सोबत कचेरीचा ड्रायव्हर होता. मुलाने म्हणायची प्रार्थना घड्याळजींनी म्हटली. आणि आता एवढी मोठी गोष्ट हातात आली तर म्हणे ताई सांगेल तसं. आज्ञाधारक व्हायला मुहूर्त बरा शोधलास.

आता मी मागच्या पत्रात जे लपवलं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. काकांना ठाऊक नव्हतं, हे खोटं होतं. काका माझ्या खुर्चीमागेच उभे होते. तुला लिही, असं त्यांनीच सांगितलं. ज्या माणसाने तुझं नाव सभासदांच्या यादीतून काढलं तोच म्हणत होता, आपला मुलगा तिथे मोठ्या हुद्द्यावर आहे. आपला मुलगा. मी खाली मान घालून हसून घेतलं.

तेव्हा तुझी चिठ्ठी मला त्यांना दाखवावी लागली. काल दुपारी दारं लावून सभा झाली. आधी कुणाचा विश्वासच बसेना. घड्याळजी उठून विहिरीजवळच्या हौदापाशी गेले, ओंजळीत पाणी घेऊन त्याचा वास घेतला आणि म्हणाले, कसलाच वास नाही. मग सगळे काकांकडे बघायला लागले.

काका काय म्हणाले ते शांतपणे ऐक, कारण ते मूर्ख माणसाचं बोलणं नव्हतं. ते म्हणाले, विहीर खराब निघाली असा कागद एकदा पालिकेत गेला, की त्यावर कमी-जास्त कुणी वाचणार नाही. ज्यूंच्या विहिरीत विष, एवढंच वाचतील. इतकी वर्षं जो खोटा आळ होता तो आपण स्वतःच्या सहीने खरा करून देणार. आणि दुसरं, ‘विहीर स्वच्छ’ असा अहवाल आला तर सील निघेल आणि गल्लीला पुन्हा आपलं पाणी मिळेल. त्या नळापेक्षा आपल्यात कमी आहे, असं तुझाच भाऊ लिहितोय. मग या खोट्याने नुकसान कुणाचं? आपण वाचतो आणि त्यांच्या पोरांच्या पोटात कमी जातं. शेवटी मला म्हणाले, “त्याने विचारलंय ना? मग सांग त्याला.”

धाकट्या, खरं सांगते, घरी आल्यावर मी तुला एक पत्र लिहिलं. चारच शब्द, ‘विहीर स्वच्छ असं लिही.’ पाकिटात घातलं, तिकीट लावलं. मग मशीनवर बसले आणि एकाच बाहीवर दोनदा शिलाई मारली. ते पाकीट अजून इथेच आहे. टाकलेलं नाही आणि फाडलेलंही नाही.

तू सही करू नकोस अजून. आणि मला एक नीट समजावून सांग. ज्या विहिरीत कधी काही पडलं नाही, जिच्यावर आम्ही जाळी बसवली आहे, तिच्यात हे आलं कुठून?

ताई


रविवार, १९ मे

धाकट्या,

तुझं दुसरं पत्र शुक्रवारी हाती आलं. या वेळी पान भरून लिहिलंस, अक्षरही बाबांसारखं व्हायला लागलंय तुझं. मी ते काकांना वाचून दाखवलं आणि कळलं तेवढं पुन्हा सांगते, चुकलं असेल तर तसं कळव. नळाची लाइन नाल्यातून येते आणि फुटकी आहे, म्हणून नळात घाण जाते, इथवर कुणीही सांगेल. पण आपली विहीर त्या लाइनपासून लांब आणि खोल. तिथे तोच क्षार पोचला म्हणजे तो जमिनीच्या पोटातून आला. कारखाना आपलं घाण पाणी नुसतं नाल्यात सोडत नाही, तर कुठेतरी बोअर मारून जमिनीत ढकलतोय, असा तुला संशय आहे. आणि तू लिहितोस की विहीर स्वच्छ आहे असं कागदावर आलं, तर सगळं खापर फुटक्या लाइनवर फुटेल. पालिका नवा पाइप टाकेल, फोटो काढेल, आणि कारखाना जमिनीत ओततच राहील. मग पुढच्या वर्षी त्यांच्यात आणि आपल्यात कमी-जास्त काही उरणार नाही.

हे सगळं लिहून खाली पुन्हा तेच. ‘पण तिथे राहायचं तुम्हाला आहे, त्यामुळे निर्णय तुझा.’

काकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, कारखाना हलवायला वर्षं लागतील, आपली घरं पेटवायला एक संध्याकाळ पुरते. घड्याळजी म्हणाले, दोन्ही खरं आहे, आणि ते नेहमीसारखे दोघांच्या बाजूने बसून राहिले.

पुढच्या खोलीची काच वाऱ्याने फुटलेली नाही. दगड आला होता. गुरुवारी संध्याकाळी आणखी दोन आले, एक प्रार्थनाघराच्या दारावर. फाटकावर कोळशाने काही लिहिलं होतं, ते मी कुणी बघायच्या आत पुसलं, त्यामुळे ते काय होतं हे तुलाही सांगणार नाही. आमच्यातली दोन कुटुंबं नातेवाइकांकडे गेली आहेत. उन्हाळ्याची सुट्टी म्हणून, असं सांगून. तूही असंच सोयीचं कारण सांगितलं असतंस.

काल शब्बाथच्या दुपारी कुणीतरी फाटकाची कडी वाजवली. हळू, म्हणून मी गेले. चिमणीची आई, इस्त्रीवाली, उभी होती. एकटीच, डोक्यावर पदर, हातात काही नाही. मी फाटक उघडलं नाही, हे सांगायची लाज वाटते. गजांतून बोललो आम्ही.

“मावशी, मला भांडायचं नाही,” ती म्हणाली. “लोक काय बोलतात त्याच्याशी मला देणंघेणं नाही.”

मी म्हटलं, बस, पाणी देऊ का? आणि तोंडातून शब्द गेल्यावर माझी मलाच शिसारी आली. तिने नुसती मान हलवली.

“शेवटी शेवटी ती गल्लीतलं पाणी तोंडाला लावेना. चिमणीला तुमच्याच नळाचं लागायचं. आई, गोड पाणी दे, म्हणायची. मी मुद्दाम येऊन भरून न्यायचे आणि चमच्याने पाजायचे. मला एवढंच सांगा, त्यात काही होतं का? मी काय पाजलं ते मला कळू दे.”

मला माहीत होतं. तुझी चिठ्ठी आत मशीनच्या खणात होती. मी तिला म्हटलं, अहवाल यायचा आहे अजून. ती बरं म्हणाली. जाताना तिने फाटकाची सैल झालेली कडी नीट बसवली, आपल्या घराची बसवावी तशी. मी तिथेच उभी राहिले. माझे हात गजांवर होते, सालं निघालेले, लाल. खळीची खाज नाही ती. ती खाज कशाची हे मला तुझी पहिली चिठ्ठी वाचल्यापासून कळलेलं आहे, आणि तिला मात्र मी अहवाल अजून यायचाय म्हणून सांगितलं.

काकांचं म्हणणं असं की त्या खोट्याने कुणाचंच नुकसान नाही. आहे. या बाईचं आहे. तिने विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर आपण चोरून ठेवणार आणि ती जन्मभर चमच्याकडे बघत बसणार. आणि विष कुणी कालवलं हे माहीत असूनही आपण ते झाकलं, तर मग काकांच्या त्या जुन्या आळात आणि आपल्यात फरक काय राहिला? आजवर आपण निदान निर्दोष होतो.

चार शब्दांचं ते पाकीट मी आज सकाळी चुलीत घातलं. तुझ्या आज्ञाधारकपणाला हे माझं उत्तर. आहे तेच लिही. विहिरीचंही लिही, मर्यादा किती आणि निघालं किती ते आकड्यांत लिही, जमिनीचं आणि कारखान्याचंही लिही. आणि सही कर.

अहवाल पालिकेत पोचायच्या आत मी स्वतः गल्लीत जाऊन सांगणार आहे. निरीक्षकाच्या तोंडून कळलं तर ते आपल्याला पकडल्यासारखं होईल. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, “तू आपल्या सगळ्यांच्या घरांना काडी लावतेस.” मला भीती वाटते, धाकट्या. हे तुला सोडून कुणाला सांगणार?

ताई


शुक्रवार, २४ मे

धाकट्या,

आम्ही सगळे धड आहोत, हे पहिल्या ओळीत लिहिते. नाहीतर तू मधलं गाळून शेवट वाचशील.

मंगळवारी सकाळी गेले. गल्लीच्या नळावर गर्दी असते तीच वेळ धरली. फाटकाबाहेर पाऊल टाकलं तर मागे काठीचा आवाज. काका. अंगात प्रार्थनेला जातानाचा कोट, एवढ्या उन्हात. मी म्हटलं, तुम्हाला पटत नाही ना? म्हणाले, “नाहीच पटत. म्हणून काय तुला एकटीला जाऊ देऊ?” आणि माझ्या पुढे चालायला लागले. उतारावर त्यांना जमत नाही, तर मीच हात धरला. असे आम्ही दोघं गल्लीत शिरलो.

मी घरून बोलायचं ठरवून गेले होते, ते सगळं विसरले. सरळ सांगून टाकलं. आमच्या विहिरीचं पाणी तपासून झालंय. त्यातही तेच विष आहे जे तुमच्या नळात आहे. तुमच्यापेक्षा कमी, पण आहे. आम्हाला माहीत नव्हतं. नळ दिला तेव्हा चांगलं पाणी देतोय असंच आम्हाला वाटत होतं. ते कारखान्यातून जमिनीत येतंय, आणि तसा अहवाल येईल.

एक हमाल होता, उंच, त्याच्या हातात भरलेला डबा. तो म्हणाला, “म्हणजे आम्ही म्हणत होतो ते खरंच होतं.” मागून कुणीतरी शिवी दिली. काका जागचे हलले नाहीत. मला वाटलं, आता येणार दगड. मी डोळे मिटले नाहीत एवढंच.

इस्त्रीवाली गर्दीतून पुढे आली. तिने मला विचारलं, “तुम्ही प्यायलात तेच?”

रोज, मी म्हटलं. लहानपणापासून. कळलं त्या दिवशीही अर्धा पेला प्यायले होते. तिने माझे हात धरून उलटसुलट करून बघितले. तिच्या हातांवरही तसंच होतं, मनगटापर्यंत. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडून शिंपडून झालेलं. मग तिने वर माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “मग आता तुम्ही कुठलं पिणार?”

इतक्या भानगडीत हा विचार आपल्यातल्या एकाच्याही मनात आला नव्हता. अहवालाचा केला, दगडांचा केला, ग्रंथांचा केला. आपण प्यायचं काय, हे त्या बाईने विचारलं. तो हमाल डबा घेऊन तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने तो गटारात ओतला आणि दुसरीकडे बघत म्हणाला की कारखान्याच्या मागच्या अंगाला पाइप जमिनीत गेलेला आहे, तिथे त्याने स्वतः माती उचलली आहे. कुणी विचारलंच नाही म्हणून बोलला नव्हता. हे लिहून घे.

तेव्हापासून पालिकेचा टँकर येतो. एकच, गल्लीला आणि आपल्याला मिळून, आणि तोही लहर लागेल तेव्हा. सगळे एका रांगेत. काका दोन कॅन घेऊन उभे राहतात. काल म्हातारा माणूस म्हणून पुढे सरकायला गेले तर एका बाईने त्यांना असं झापलं की घड्याळजी तोंड फिरवून हसले. सगळं गोडीगुलाबीचं झालंय असं समजू नकोस. बुधवारी पुन्हा एक दगड आला. आमच्याशी न बोलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांनी का बोलावं? इस्त्रीवाला माझ्याकडे बघतही नाही. गेलेली दोन कुटुंबं परत आलेली नाहीत.

आता सोमवारचं. पालिकेच्या समितीसमोर सुनावणी आहे आणि अहवालावर सही करणारा म्हणून तुला बोलावलंय, हे निरीक्षकाने सांगितलं. कारखान्याचा वकील येणार आहे. तो तुझं आडनाव खणून काढेलच, हा आवारातल्या त्या ज्यूंचाच भाऊ, म्हणेल. त्याला ती संधी देऊ नकोस. नाव विचारतील तेव्हा तूच आधी पूर्ण सांग, बाबांच्या नावासकट, जुन्या आडनावासकट, आणि या विहिरीचं पाणी पिऊन मोठा झालो हेही सांग. स्वतःच्या विहिरीविरुद्ध लिहिणारा माणूस कारखान्याविरुद्ध खोटं का लिहील, हे मग वकिलालाच सांगावं लागेल. नोकरीत याचा तुला त्रास होईल, हे मला कळतं. तरी सांग. हे मी आपल्या जुन्या भांडणासाठी मागत नाहीये.

आणि एक. काल टँकरपाशी इस्त्रीवाली माझ्या मागे उभी होती. तिने विचारलं, तुमचा भाऊ येणार ना? मग तो सांगेल का, चिमणी कुठल्या पाण्याने गेली? त्या की या? मी म्हटलं, विचारते.

विचारायचं काय, मला माहीत आहे. आधीचं किती आणि आपलं किती, हे आता कुठल्याच बाटलीतून निघणार नाही. तुझ्याकडे उत्तर नाही. पण सोमवारी ती पुढच्या बाकावर बसणार आहे, तिच्या धाकट्या पोराला मांडीवर घेऊन. वकील बोलतील, आकडे वाचतील, तिला त्यातलं फारसं कळणार नाही. ती तुझी वाट बघत बसेल. तेव्हा, सांगता येत नाही, हे तिला तू सांग. कागदाकडे बघून नको. समितीकडे बघूनही नको. तिच्याकडे बघून सांग.

ताई